बरे वाटले म्हणून बंद

नैराश्यावरच्या उपचाराचा घात पुष्कळदा गोळी लागू पडल्यावर होतो. दीड-दोन महिने नेमाने गोळी घेतलेला माणूस जेवू लागतो, झोपू लागतो, इंदूरच्या पोलोग्राउंडमधल्या कारखान्यात पुन्हा वेळेवर पाळीला उभा राहतो. मग घरातलेच कोणी विचारते, आता ती गोळी कशाला? गोळी बंद होते आणि डॉक्टरांना त्याचा पत्ताही नसतो. काही महिन्यांनी तोच माणूस पुन्हा अंथरूण धरतो आणि बोल लागतो औषधाला.

ही औषधे मुळातच संथ. इमिप्रामिन या औषधाचा नैराश्यावरचा गुण स्वित्झर्लंडच्या रोलंड कून यांनी 1957 साली प्रसिद्ध केला, आणि तो सावकाश येतो हे तेव्हापासूनच ठाऊक आहे. आज जास्त दिली जाणारी एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन ही औषधेही त्याला अपवाद नाहीत. फरक जाणवायला दोन आठवडे, पुरता गुण यायला चार ते सहा. मळमळ, डोकेदुखी, बेचैनी, पातळ शौच हा त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात हजर होतो आणि बहुधा आपोआप ओसरतो. ‘चार दिवस घेतली, उलट त्रासच झाला’ असे सांगणाऱ्याने औषधाला संधीच दिलेली नसते.

घर बांधणाऱ्याला हे वेगळे समजावावे लागू नये. स्लॅब टाकला की एक-दोन दिवसांत त्यावरून चालता येते. वरून हात फिरवला तर दगड. तरी मिस्त्री खालचे टेकू काढू देत नाही, कारण काँक्रीटची ताकद धरतात ती 28 दिवसांची. तोवर वरून पाणी मारत राहायचे. टेकू काढायचे तेही हिशेबाने, सगळे एका दिवशी ओढून नाही. नैराश्यातून उठलेला माणूस हा असा वरून वाळलेला स्लॅब असतो. त्याचे टेकू आठवड्यांत नव्हे, महिन्यांत काढायचे असतात: पूर्ण बरे वाटू लागल्यानंतर किमान सहा महिने, पुष्कळदा नऊ ते बारा. दुखणे दुसऱ्या-तिसऱ्यांदा उलटले असेल तर दोन वर्षे किंवा त्याहूनही जास्त. टेकू लावले म्हणून स्लॅबला टेकूची सवय लागली असे कोणी म्हणत नाही. गोळीच्या बाबतीत मात्र शेजारीपाजारी हेच ऐकवतात. आणि पाणी मारणेही चुकवून चालत नाही. वेळेवर झोप, चालणे-फिरणे, समुपदेशन हे त्या पाण्याच्या जागी.

पोलोग्राउंड आणि सांवेर रोडच्या पाळ्यांमध्ये आणखी एक घोळ होतो. चिठ्ठीवर सकाळ-दुपार-रात्र अशा तीन जागा असतात आणि ‘रात्र’ या जागी एक लिहिलेले असते. रात्रपाळीच्या माणसाने ती गोळी कधी घ्यावी? मिर्टाझापिन किंवा अमिट्रिप्टिलिनसारखी गुंगी आणणारी गोळी रात्री दहाला घेऊन अकराला पॉवर प्रेसवर उभे राहणे म्हणजे बोटे गमावण्याची तयारी. अशा गोळीची ‘रात्र’ म्हणजे झोपण्याची वेळ, मग घड्याळात सकाळचे आठ का वाजले असेनात. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे, म्हणजे वेळ किंवा औषध त्या बेताने ठरते. पहिले काही दिवस आणि मात्रा वाढवल्यावर यंत्र, मोटारसायकल जपून. दारू वर्ज्य. एखादा डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन घेऊन भरपाई करू नये.

यापेक्षा गंभीर गोष्ट पाकिटावर असते, पण ती वाचतो कोण! मेडिकलवाला कात्रीने पाच गोळ्या कापून देतो, नाव पलीकडच्या तुकड्यावर राहते आणि घरी येते ती नुसती ‘टेन्शनची गोळी’. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत एकत्र सर्रास मिळतात. पहिल्याच रात्री जी झोप लागते ती क्लोनाझेपामची. नैराश्यावर काम करणारे एस्सिटालोप्राम तेव्हा जागेही झालेले नसते. एस्सिटालोप्रामची तल्लफ येत नाही, क्लोनाझेपामची मात्र सवय लागते, आणि बरेच दिवस घेऊन एकदम सोडले तर झटकेसुद्धा येऊ शकतात. म्हणून गोळ्या कापून आणल्या तरी नाव आणि मिलिग्रॅम असलेला तुकडा मागून घ्यावा, त्यावर दुसरे नाव आहे का ते पाहावे, आणि क्लोनाझेपाम किती दिवस घ्यायचे हे पहिल्याच भेटीत विचारावे. जुनी चिठ्ठी दाखवून दवा बाजारातून वर्षभर तीच गोळी आणत राहणे हा उपचार नव्हे.

इतर औषधांशी होणारी गाठ हा प्रकार घरोघरचा. कंबर दुखली की डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतले जाते. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या वर्गाबरोबर त्यांनी पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ॲस्पिरिननेही वाढतो, पण हृदयासाठी दिलेले ॲस्पिरिन मनाने बंद करू नये, फक्त डॉक्टरांच्या कानावर घालावे. ट्रॅमाडॉल ही दुखण्यावरची गोळी आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेले खोकल्याचे औषध यांच्यामुळे क्वचित शरीरातले सेरोटोनिन नको तितके वाढते. थरथर, घाम, ताप, जुलाब, कमालीची अस्वस्थता एकत्र दिसली तर थेट इस्पितळ गाठावे. रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्या वृद्धांमध्ये नैराश्याच्या गोळीने रक्तातले सोडियम घटू शकते. आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले, तोल जाऊ लागला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून न देता रक्त तपासावे.

पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर पहिले काही आठवडे घरच्यांची नजर हवी. आत्महत्येचे विचार या काळात वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2004 मध्ये मुले आणि किशोरांसाठी दिला आणि 2007 मध्ये तो 24 वर्षांपर्यंत वाढवला. याचा अर्थ औषध देऊ नये असा नाही. मुलाला एकटे सोडू नये आणि तपासणीची तारीख टाळू नये, असा आहे. उलट कोणी दोन तास झोपून ताजातवाना, अखंड बडबड, पैशांची उधळपट्टी असा वागू लागला तर तो उत्साह बरे झाल्याचा धरू नये. ते द्विध्रुवी आजाराचे लक्षण असू शकते आणि औषध बदलावे लागते. गर्भारपणातल्या औषधांचा विषय या लेखात मावणारा नाही; दिवस गेल्याचे कळताच घाबरून गोळी टाकून न देता डॉक्टरांकडे जावे, इतकेच येथे.

पुन्हा टेकूंकडे. थांबवण्याची वेळ येते तेव्हा मात्रा आठवड्या-आठवड्यांनी, कधी महिन्या-महिन्यांनी उतरवतात. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर जातात, त्यामुळे ती एकदम सोडली की चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्ने, डोक्यात वीज सळसळल्यासारखे झटके असा त्रास होतो. फ्लुऑक्सेटिन काही आठवडे रेंगाळते, म्हणून तिथे हा त्रास कमी. गोळी सोडल्यावर तीन-चार दिवसांतच सुरू झालेली चक्कर हा बहुधा सोडण्याचा त्रास. महिन्या-दोन महिन्यांनी हळूहळू परतलेली उदासी हा बहुधा मूळ आजार. दोन्हींचे उत्तर वेगळे असते आणि ते घरी ठरत नाही.

घरात गोळ्यांचा साठा कमी ठेवावा आणि तोही कुलपात. अमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन या जुन्या औषधांचा मोठा डोस हृदयाची लय बिघडवून जीव घेऊ शकतो. धीर सुटलेल्या माणसाच्या घरी पंधरा दिवसांच्या गोळ्या पुरेत, त्याही दुसऱ्याच्या हाती. पोलोग्राउंडच्या ईएसआय कार्डधारक कामगाराला नंदानगरचे ईएसआय रुग्णालय आहे, बाकीच्यांना एम. वाय. रुग्णालय आणि बाणगंगेचे मानसिक रुग्णालय. रात्री-अपरात्री मन घाबरे झाले तर टेलि-मानस या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.