फिलिपिनो कवितेंतील आई

सन १८९६ च्या डिसेंबर महिन्याची २९ तारीख. मनिला शहरांतील सांतियागो किल्ल्यांत एका कैद्याची व त्याच्या आप्तांची अखेरची भेट चालली होती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याला गोळ्या घालावयाच्या होत्या. पहारेकरी डोळ्यांत तेल घालून उभे होते. कैद्यानें आपल्या त्रिनिदाद नांवाच्या बहिणीस स्पिरिटवर चालणारा एक लहानसा स्टोव्ह आठवण म्हणून देऊं केला, आणि आंत कांहीं आहे, एवढेंच तिच्या कानाशीं इंग्रजींत कुजबुजला. पहाऱ्यावरील स्पॅनिश शिपायांना ती भाषा कळत नव्हती. पुढें त्या स्टोव्हमधून कागदाची एक घडी निघाली. तीवर बारीक अक्षरांत लिहिलेली चौदा कडव्यांची एक कविता होती. तिला शीर्षक नव्हतें आणि खालीं सहीही नव्हती.

हा कैदी म्हणजे डॉक्टर होसे रिझाल. व्यवसायानें नेत्रवैद्य, कीर्तीनें कादंबरीकार, आणि वय अवघें ३५ वर्षांचें. त्याच्या या अखेरच्या कवितेचें नांव श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं ऐकलें असेल. परंतु ती एकाकी उगवलेली नव्हती. फिलिपाइन बेटांतील कवींनीं त्यापूर्वींच्या आठ वर्षांत एक विलक्षण वाद चालविला होता, आणि त्याचा विषय होता : आपली आई कोण?

स्पेनची सत्ता त्या बेटांवर १५६५ पासून होती. तीन शतकें प्रजेला शिकविण्यांत आलें कीं, स्पेन ही माता व ही बेटें तिची कन्या. गांवोगांवचा खरा कारभार मात्र मठवासी पाद्र्यांच्या हातीं असे. उत्तमोत्तम जमिनीही त्यांच्याच. १८८८ सालीं एर्मेनेहिल्दो फ्लोरेस नांवाच्या एका शिक्षकानें तागालोग भाषेंत एक काव्य लिहिलें. त्यांत कन्या आईपुढें पदर पसरून या पाद्र्यांचें गाऱ्हाणें सांगते. पुढच्याच वर्षीं मार्सेलो देल पिलार या वृत्तपत्रकारानें आईचें उत्तर रचिलें. ही आई प्रेमळ आहे, पण दुबळी आहे. पाद्र्यांनीं आपल्यालाही नागविलें, तुझ्या लेकरांनींच आतां जागें व्हावें, असा तिच्या बोलण्याचा आशय. वाचणाऱ्यानें काय समजावयाचें तें समजावें! कायद्याच्या कक्षेंत राहून बोलणाऱ्या माणसाचें हें चातुर्य होतें.

तिसरें काव्य चातुर्यानें लिहिलेलें नाहीं. तें आंद्रेस बोनिफासिओच्या नांवावर आहे. मनिलाच्या तोंदो भागांत १८६३ त जन्मलेल्या या मनुष्याचें शालेय शिक्षण बेताचेंच. लहानपणींच पोरका झाल्यावर त्यानें हातांतल्या छड्या व कागदी पंखे विकून भावंडें पोसलीं. पुढें तो वखारींत नोकरीस लागला आणि मिळेल तें वाचीत गेला. १८९२ च्या जुलैंत स्थापन झालेल्या कातिपुनान या गुप्त मंडळाचा तो प्रमुख झाला. त्याच्या काव्यांतील कन्या विनवीत नाहीं. बांधलेले हात, मारहाण, अन्याय यांचा हिशेब ती आईपुढें टाकते आणि नातें तोडून निघून जाते. मग त्यानें दुसरी कविता लिहिली. ती मंडळाच्या ‘कालायाआन’, म्हणजे ‘स्वातंत्र्य’, या पत्रांत १८९६ सालीं छापली गेली. तींत आई हा शब्द आहे, पण तो आतां स्पेनसाठीं नाहीं, जन्मभूमीसाठीं आहे. त्या पत्राचा एकच अंक लोकांच्या हातीं पडला, तरी त्यामुळें मंडळाची संख्या शेंकड्यांवरून हजारोंवर गेली, असें त्याच्या एका चालकानें पुढें सांगितलें. आंकडा फुगविलेला असेल. परिणाम खोटा नव्हता. त्याच वर्षींच्या ऑगस्टांत बंड पेटलें.

आतां रिझालकडे वळलें पाहिजे, कारण येथें एक अवघड गोष्ट आहे. रिझालला हें बंड मान्य नव्हतें. लोक सुशिक्षित झाल्यावांचून शस्त्र उचलूं नये, हें त्याचें मत. आणि मृत्यूपूर्वीं दोनच आठवडे त्यानें बंडाचा निषेध लिहूनही दिला होता. न्यायाधीशांनीं तो मानला नाहीं. त्याच्या कवितेंत सूडाची भाषा नाहीं. देशाचा निरोप आहे आणि उष:कालाची खात्री आहे. शिवाय ती स्पॅनिशमध्यें आहे. शेतावर राबणाऱ्याला तिचा एक शब्द कळला नसता. अशी ती कविता बंडखोरांच्या तोंडीं गेली ती तागालोग भाषांतरानें, आणि तें सर्वांत जुनें भाषांतर बोनिफासिओचेंच मानलें जातें. ज्यानें आपलें बंड नाकारलें, त्याचाच निरोप बंडाच्या नायकानें आपल्या भाषेंत उतरविला! रिझालला हें आवडलें असतें कीं नाहीं, कोण सांगणार? तो स्वतः बोनिफासिओही फार जगला नाहीं. १० मे १८९७ रोजीं त्याला मृत्युदंड झाला. तो स्पेननें दिला नव्हता, त्याच्याच पक्षांतील प्रतिस्पर्धी आगिनाल्दोच्या सरकारनें दिला.

स्पेन गेलें, अमेरिका आली. १९०२ च्या जूनमध्यें हेन्री कूपर या प्रतिनिधीनें अमेरिकन काँग्रेसमध्यें रिझालची ती कविता इंग्रजींत म्हणून दाखविली. असें लिहिणारा समाज रानटी कसा, हा त्याचा प्रश्न. त्या वर्षींच्या कायद्यानें फिलिपिनोंना निवडलेल्या विधिमंडळाचें आश्वासन मिळालें, स्वातंत्र्य नव्हे. कूपरचा हेतु चांगला होता हें निःसंशय. तथापि ज्यांना घर परत हवें होतें, त्यांच्या हातीं सुशीलतेचा दाखला पडला. १९०७ त तर क्रांतीचा ध्वज लावणेंही गुन्हा ठरलें. ती बंदी १९१९ पर्यंत टिकली.

राष्ट्रगीताची कथाही या वादाहून निराळी नाहीं. त्याची चाल १८९८ सालची. तिला होसे पाल्मा या तरुण सैनिक-कवीनें १८९९ त शब्द दिले, ते स्पॅनिशांत. अमेरिकन अमलांत तेंच गीत इंग्रजींत म्हणूं लागले. स्वातंत्र्य ४ जुलै १९४६ रोजीं आलें, तरी आजचे स्वभाषेंतील शब्द सरकारमान्य व्हावयास १९५६ साल उजाडलें. आणि १९९८ च्या कायद्यानें, देशांत असो वा परदेशांत, तें गीत त्याच भाषेंत म्हणण्याचें बंधन घातलें.