गृहस्थाची चार सुखे आणि आमची पन्नाशी

(वर्षावासातील एका रविवारी विहारात केलेले भाषण. समितीच्या आग्रहावरून नंतर लिहून काढले.)



तथागत भगवान बुद्ध, महात्मा जोतिराव फुले आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीला वंदन करून मी माझे दोन शब्द सुरू करतो. दोन शब्द म्हणतो खरा, पण गिरणीतल्या माणसाच्या हातात माईक दिला की तो लवकर सोडत नाही, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

समितीने मला विषय विचारला. मी म्हटलं, "पन्नाशीनंतरचे साधे सुख." तर आपला एक तरुण कार्यकर्ता हसला. म्हणाला, "काका, तुम्ही मोर्चातली माणसं. अन्यायावर बोला. सुखावर काय बोलायचं?" मी म्हटलं, बाळा, ऐकून तर घे. सुखावर बोलता बोलता अन्यायाची गोष्ट आपोआप येईल.

मी काही शाळा-कॉलेजात शिकलेला माणूस नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत होतो. वडील विणकर खात्यात. संप लांबला, घरात चूल पेटायची पंचाईत झाली आणि नववीनंतर माझी शाळा सुटली. १९८९ साली मी रिंग खात्यात बदली म्हणून लागलो. सकाळी गेटवर उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत घरी. पुढे कायम झालो. तीन पाळ्यांत तीस वर्षे काढली. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, आमची गिरणी थांबली, ती पुन्हा सुरू झालीच नाही. तेव्हा मी पन्नाशी नुकतीच ओलांडली होती.

पहिले काही महिने मला झोप लागत नसे. आवाज नाही ना! ज्याला आयुष्यभर साच्यांच्या घरघरीत उभे राहायची सवय, त्याला शांतता खायला उठते. त्या दिवसांत मी वाचन वाढवले. अंगुत्तर निकायात एक छोटे सुत्त आहे. भगवान बुद्धांनी ते अनाथपिंडिकाला सांगितले. म्हणजे भिक्खूला नव्हे, बायकापोरे असलेल्या, कामधंदा करणाऱ्या माणसाला सांगितले. त्यात गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. अत्थिसुख, भोगसुख, अनणसुख आणि अनवज्जसुख. मला हे वाचून नवल वाटले. आपण विहारात दुःखाबद्दल इतके ऐकतो, आणि तथागत संसारी माणसाला त्याच्या सुखाची यादी करून देतात!

पहिले अत्थिसुख. 'माझ्याकडे आहे' याचे सुख. पण कसे आहे? स्वतःच्या घामाचे, धम्माच्या मार्गाने मिळवलेले. मी आमच्या खोलीत नजर फिरवली. दहा बाय सोळाची खोली. एक लोखंडी कपाट, एक शिलाई मशीन, आणि भिंतीवर एक फळी. त्या फळीवर शासनाने काढलेले बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड. एकेक खंड ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, शिवाजी पार्कच्या स्टॉलवर घेतलेला. कधी ओव्हरटाइमच्या पैशातून, कधी बायकोकडून उसने घेऊन. इंग्रजी येत नव्हते, शेजारी शब्दकोश घेऊन बसायचो. एका पानाला एक रातपाळी जायची. ती फळी पाहिली की वाटते, आपण श्रीमंत आहोत. कुणाचे हिरावून आणलेले त्यात काही नाही.

दुसरे भोगसुख. मिळवलेले आपण उपभोगणे आणि त्यातून दान करणे. इथे आपली माणसे चुकतात. आपण जमवतो, पोरांसाठी ठेवतो, लग्नात उधळतो, पण स्वतः साधा घास चवीने खात नाही. पाळीची घाई, डबा पाच मिनिटांत संपवायचा, ही सवय हाडांत गेली. आता मी ज्वारीची भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी सावकाश खातो. संध्याकाळी खिडकीतल्या तुळशीला आणि कढीपत्त्याला पाणी घालतो.

आणि एक गोष्ट सांगतो. शिवडीच्या खाडीत हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, ज्यांना पेपरात फ्लेमिंगो म्हणतात. मी शिवडीपासून बसच्या चार थांब्यांवर राहतो, पण तो पक्षी कधी पाहिला नव्हता. दोन वर्षांपूर्वी ओहोटीची वेळ विचारून आमच्या मंडळींना घेऊन गेलो. चिखलात लांब लांब पायांवर ते पक्षी उभे, मान खाली घालून चरत होते, पंख उघडले की गुलाबी झाक. पलीकडे अटल सेतूचे खांब. आमची मंडळी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, एवढ्या जवळ होतं हे?" खर्च किती? जाण्यायेण्याचे बसभाडे आणि शेंगदाण्याची पुडी. पण तो प्रश्न माझ्या मनात रुतला. एवढ्या जवळ होते, मग मी तिला तीस वर्षे का नेले नाही?

तिथून तिसऱ्या सुखाकडे येतो. अनणसुख, म्हणजे कुणाचे ऋण डोक्यावर नसण्याचे सुख. पतपेढीचे कर्ज मी गिरणीच्या पैशातून फेडले. किराणावाल्याची वही कोरी केली. मला वाटले, झालो ऋणमुक्त. पण एका ऋणाची नोंद कुठल्याच वहीत नव्हती.

१४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याच आठवड्यात आमची थोरली मुलगी जन्मली. मी तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात पोहोचलो. हातात पेढ्यांचा पुडा होता, तोही नामविस्ताराचा. बायको काही बोलली नाही. तिने एक पेढा घेतला आणि बाळाकडे पाहत बसली. मला त्या दिवसांबद्दल पश्चात्ताप नाही. त्या लढ्यात माणसांनी जीव दिले, मी तर फक्त पाय झिजवले. पण जी बाई घरी राहून पोरे सांभाळत होती, कार्यकर्त्यांचा रात्री बाराचा चहा करत होती, तिचे देणे मी कधी मोजले नाही, हे मात्र खरे.

आता कानाची गोष्ट. साच्यांच्या खात्यात आम्ही तोंडाने बोलत नसू. खुणा करायचो, ओठ वाचायचो. घरी आलो की मोठ्याने बोलायचो, सगळ्या गिरणगावाला ती सवय होती. ही फक्त सवय नव्हती, हा आजार होता, हे मला उशिरा समजले. कायम गोंगाटात काम केले की आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. चिमणीचा, लहान मुलांचा, हलक्या आवाजात बोलणाऱ्या बायकांचा. गेलेले हे ऐकणे परत येत नाही. कारखाना कायद्यात गोंगाटाने येणारा बहिरेपणा कामामुळे होणारा रोग म्हणून नोंदलेला होता. पण आम्हांला ते कुणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. कापसाचा बोळा कानात घालायचा, एवढाच आमचा बंदोबस्त.

नात बोलू लागली तेव्हा मी तिला सारखा म्हणायचो, "मोठ्यानं बोल गं." ती बिचारी दमायची आणि आईकडे पळायची. शेवटी मुलीने मला इस्पितळात नेले. बंद खोलीत बसवले, कानाला हेडफोन लावले, आवाज आला की बटण दाबायचे. मी बसून राहिलो. मला वाटले मशीन बिघडले आहे. मशीन चालू होते, माझे कान बंद होते.

श्रवणयंत्र लावून घरी आलो. दुपारची वेळ. बायको ताटात तांदूळ निवडत बसली होती आणि गुणगुणत होती. वामनदादा कर्डकांच्या एका गाण्याची चाल. मी दारातच उभा राहिलो. विचारले, "हे कधीपासून म्हणतेस?" ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून." बंधूंनो, ज्या वामनदादांची गाणी ऐकायला मी रात्र रात्र मैदानात बसलो, ती माझ्या घरात रोज चालू होती आणि मला पत्ता नव्हता! त्या दिवशी मला माझ्या वहीतले ऋण दिसले. ते पैशाने फिटणारे नाही. ते वेळ देऊनच फेडायचे, शेजारी बसून, ऐकून.

चौथे अनवज्जसुख. काया, वाचा, मनाने निर्दोष असण्याचे सुख. तथागत म्हणतात की पहिली सुखे या चौथ्याच्या सोळाव्या हिश्शालाही येत नाहीत. आपल्या जुन्या हिशोबात सांगायचे तर हे सुख रुपया असेल, तर त्यापुढे बाकीची एक आणासुद्धा भरत नाहीत. या सुखात मी कच्चा निघालो. आपल्याच समितीतल्या एका मित्राशी मी चार वर्षे बोलत नव्हतो. का? तर वार्षिक सभेत त्याने हिशोब तोंडातल्या तोंडात वाचला, म्हणून मी भरसभेत त्याच्यावर संशय घेतला. त्याने हिशोब व्यवस्थित वाचला होता. बाकी सगळ्यांना ऐकू आला होता. मलाच आला नव्हता. यंत्र लावल्यावर आठवड्याने मी त्याच्या घरी गेलो आणि म्हटलं, "भाऊ, चूक माझ्या कानाची होती, पण शब्द माझ्या तोंडाचे होते. मला क्षमा कर." तो आज समोर बसला आहे, म्हणून नाव घेत नाही. आता आम्ही रोज संध्याकाळी विहाराच्या पायरीवर बसून एकाच पेपरची दोन पाने वाटून वाचतो. त्या पायरीवर मला जे बरे वाटते, ते शिवडीच्या पक्ष्यांनीही वाटले नव्हते.

आता त्या तरुण मित्राला उत्तर देतो. त्याला वाटते, सुख म्हणजे चळवळ थंड झाल्याची खूण. अरे बाबा, ज्या रविवारी आपण इथे बसलो आहोत, तो रविवार तरी आपल्याला कुणी आयता दिला? गिरणी कामगाराला आठवड्याची सुट्टी नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून लढा दिला, तेव्हा १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मंजूर झाली. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात कामगाराला भरपगारी रजेचा कायदा झाला, आणि आठवड्याचे चौपन्न तास अठ्ठेचाळीसवर आले. माणसाला फुरसत मिळाली तरच तो विचार करील, माणूस म्हणून जगेल, असे बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात मांडले आहे. एवढा अफाट व्याप असलेला तो महामानव उतारवयात व्हायोलिन शिकत होता, घरी कुत्री पाळत होता, हौसेने स्वयंपाक करत होता. तेव्हा फुरसत ही चैन नाही. ती लढून मिळवलेली कमाई आहे. ती वाया घालवू नका, आणि ती घ्यायला लाजूही नका.

पण एक सवाल उरतोच, आणि तो मी स्वतःलाच विचारतो. लोखंडे यांनी रविवार कामगाराला मिळवून दिला. कामगाराच्या बायकोला कुणी दिला? रविवारी आम्ही घरी, म्हणून तिला दुप्पट काम. मटण, पाहुणे, कपडे, सभा. हा लढा कुठल्या मोर्चाने सुटणारा नाही, तो प्रत्येकाने आपल्या खोलीत सोडवायचा आहे. गेले वर्षभर रविवारी सकाळचा चहा आणि दुपारचा भात माझ्याकडे आहे. भात कधी कच्चा राहतो. आमची मंडळी तो मुकाट्याने खाते, जसा तिने तो पेढा खाल्ला होता. (हशा)

तर माझ्या पन्नाशीतल्या बंधू-भगिनींना तीन विनंत्या आहेत. एक, गिरणीत, कारखान्यात काम केलेल्यांनी कान तपासून घ्या, साखर आणि रक्तदाबही बघा. लाज धरू नका. दोन, ज्याच्याशी अबोला धरला असेल, त्याच्याकडे पौर्णिमेच्या आत जाऊन या. तीन, रविवारचा निदान अर्धा दिवस घरातल्या बाईच्या नावावर करा. तिला कुठे जायचे ते विचारा, आणि ती सांगेल ते नीट ऐका.

खूप बोललो. नात मघापासून पुढच्या रांगेतून खुणा करते आहे की आजोबा, पुरे. पण ती हळू आवाजात काय म्हणाली, तेही मला आज ऐकू आले. एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!