कण्हेरीवरचा हिरवा पतंग

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात पूजेच्या फुलांसाठी अंगणात लावलेल्या कण्हेरीवर किंवा तगरीवर कधी कधी बोटाएवढी जाड, शेपटाशी छोटे शिंग असलेली हिरवी अळी आढळते. ती डॅफ्निस नेरिआय या हॉक मॉथची, म्हणजे अतिशय वेगाने उडणाऱ्या भरदार पतंगाची असते, आणि या जातीचे शास्त्रीय वर्णन लिनीअसने १७५८ मध्ये केले. कण्हेरीच्या पानांत हृदयाची गती बिघडवणारी विषे असून ती खाल्ल्यास गुरेही दगावतात. ही अळी मात्र त्याच पानांवर पोसली जाते, कारण तिच्या चेतारज्जूभोवतीचे आवरण विषाला आत शिरू देत नाही, आणि एवढ्याशा देहातील ही व्यवस्था खरोखर थक्क करणारी आहे. धोका जाणवताच ती डोके आत ओढून पाठीवरचे डोळ्यांसारखे दोन निळसर ठिपके फुगवून दाखवते. पूर्ण वाढ झाल्यावर ती तपकिरी होऊन खाली उतरते व पालापाचोळ्यात कोष करते, त्यामुळे पाचोळा जाळणाऱ्या बागांत हे कोषही जळून जातात. कोषातून निघणारा हिरवा-गुलाबी पतंग तिन्हीसांजेनंतर फुलासमोर हवेत स्थिर राहून लांब सोंडेने मध पितो. याच जातीचे पतंग आफ्रिकेतून भूमध्य समुद्र ओलांडून युरोपापर्यंत पोहोचतात.