ऋतूअखेरचे पक्षी : उजनीचा काठ आणि कडबनवाडीचा माळ



पक्षिनिरीक्षणाची सहल बहुधा मार्गशीर्ष-पौषात निघते. थंडी असते, परीक्षा दूर असतात आणि भिगवणच्या पाण्यावर पाहुण्या पक्ष्यांची गर्दी असते. परंतु बारामती-इंदापूर भागातील शिक्षकाने एखादा दिवस फाल्गुनअखेरीस वा चैत्रारंभी अवश्य राखून ठेवावा. पाहुणा निघतो त्या वेळी त्याच्याविषयी अधिक कळते.

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि नदीकाठची कित्येक गावे व शेते पाण्याखाली गेली. उन्हाळ्याकडे पाणी उतरते, तशी कुंभारगाव-डिकसळच्या काठाने गाळाची पट्टी रुंदावते. या गाळात व उथळ पाण्यात पक्ष्यांचे अन्न असते. रोहित मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळतो; शेकाट्या उंच पायांवर चालत किडे टिपतो; थापट्या बदकाची चोच पळीसारखी पसरट असते. फळ्यावरील चित्रापेक्षा हे येथे लवकर उमजते. वर्गातील एखाद्या मुलाच्या आजोबांचे शेत याच गाळाखाली असेल. त्यांनाही सहलीस न्यावे. विहीर कोठे होती, ज्वारी कोठे पिके, हे ते बोटाने दाखवतील.

पट्टकदंब या सुमारास बहुतेक निघून गेलेले असतात. हिमालय ओलांडून ते लडाख, तिबेट व त्यापलीकडील प्रदेशात घरटी करतात. अशा प्रवासाची शिदोरी पक्षी अंगातील चरबीच्या रूपाने बरोबर नेतो. म्हणून मागे राहिलेल्या थव्यावर होडी घालू नये. विनाकारण उडालेला थवा त्या शिदोरीतूनच खर्च करतो. छायाचित्रासाठी मोठी माणसे होडी पुढे नेण्याचा आग्रह धरतात, मुले टाळ्या वाजवू पाहतात. दोघांत मुले लवकर ऐकतात.

दुपार कलल्यावर कडबनवाडीच्या माळावर जावे. हा चिंकारा व लांडग्याचा मुलूख. मावळतीला भोवत्या गवताला लागून तरंगत येतात आणि रात्री जमिनीवरच विसावतात. तेही आता उत्तरेस जाणारे. धाविक, टिटवी व चंडोल मात्र येथेच राहतात आणि भुईवरच अंडी घालतात. अशा माळास ‘पडीक’ म्हणून शाळा पावसाळ्यात तेथे रोपे लावते. वृक्षारोपण उत्तम कार्य होय. परंतु ते शाळेच्या आवारात, बांधावर, गावरस्त्याच्या कडेने करावे. उघडा माळ हेच धाविकाचे घर आहे. तेथे झाडांची दाटी झाली की तो तेथून उठतो.

परतल्यावर वर्गाच्या वहीत दोन रकाने आखावे : पक्षी प्रथम दिसला तो दिवस व शेवटी दिसला तो दिवस. दुसरा रकाना भरणे कठीण. कारण आजचे दर्शन शेवटचे होते, हे पुढे पंधरवडाभर तो न दिसल्यावरच कळते. यासाठी काठावरच्या वस्तीतून येणाऱ्या मुलास रोज सकाळी हजेरीच्या वेळी विचारावे.