यादी कोण करतं?

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



विषय आहे नगरपालिका आणि राज्य सरकार. विषय ऐकूनच मागच्या रांगेत दोघा-तिघांनी जांभया दिल्या, त्या मला दिसल्या. चालायचंच. आपल्याला मोर्चा कळतो, घेराव कळतो. कलम-पोटकलम म्हटलं की वाटतं, हे काळ्या कोटवाल्याचं काम. पण आपलं झोपडं आधी कलमानं पडतं, बुलडोझर नंतर येतो. म्हणून थोडा वेळ ऐका.

अमेरिकेत सिएटल म्हणून शहर आहे. वॉशिंग्टन राज्यातलं. ॲमेझॉनचं मुख्यालय तिथलं, म्हणजे पैशाला तोटा नाही. या राज्याची विधानसभा ऑलिम्पिया गावात जानेवारीत भरते. एका वर्षी १०५ दिवस चालते, पुढच्या वर्षी ६० दिवस. अधिवेशनाच्या आधी सिएटलची नगरपरिषद एक कागद मंजूर करते. राज्यानं आमच्यासाठी कुठले कायदे करावेत, कुठले बदलावेत, कुठल्या विधेयकाला आमचा विरोध राहील, याची ती यादी. घरं, वाहतूक, पोलीस, कर, सगळं तीत येतं. मग पालिकेची पगारी माणसं ती यादी घेऊन ऑलिम्पियात आमदारांच्या मागे फिरतात.

एवढं मालदार शहर, आणि हातात अर्ज! का? कारण अमेरिकेच्या राज्यघटनेत शहराचं नावच नाही. १९०७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं पिट्सबर्गच्या खटल्यात सांगून टाकलं की शहर हे राज्यानं केलेलं, राज्य त्याचे अधिकार वाढवील, कापील, काढून घेईल. म्हणजे नगरसेवक तुम्ही निवडायचा, आणि त्याच्या हाताची लांबी ठरवायची राज्यानं.

आता भाड्याचं बघा. शहरांनी घरभाड्यावर नियंत्रण घालायचं नाही, असा कायदा वॉशिंग्टन राज्यानं १९८१ मध्ये केला. सिएटलमध्ये भाडी चढत गेली, गरीब माणूस शहराबाहेर फेकला गेला. २०१५ मध्ये नगरपरिषदेनं राज्याला ठराव करून सांगितलं, ही बंदी उठवा नाहीतर बदला. राज्याला जाग आली २०२५ मध्ये. तेव्हा अख्ख्या राज्यासाठी कायदा झाला की वर्षाची भाडेवाढ ७ टक्के अधिक महागाई किंवा १० टक्के, यातली जी कमी असेल तिच्यावर जाता कामा नये. दहा वर्षं गेली! आणि शहरांवरची १९८१ ची बंदी तशीच आहे.

याच सिएटलनं २१ फेब्रुवारी २०२३ ला जातिभेदावर बंदी घालणारा कायदा केला. सहा विरुद्ध एक मतानं. अमेरिकेतलं असं पहिलं शहर. ठराव मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. यासाठी ऑलिम्पियाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या नाहीत, कारण भेदभावाविरुद्धचा कायदा शहराचा स्वतःचा होता. त्यात 'जात' हा शब्द घालायचा होता. तो घातला.

त्याच वर्षी सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरानंही तेच केलं. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं अख्ख्या राज्यासाठी विधेयक मंजूर केलं. आणि ऑक्टोबरात गव्हर्नर न्यूसम यांनी ते परत पाठवलं. म्हणाले, सध्याच्या कायद्यात हे सगळं येतंच, वेगळं कशाला? मित्रांनो, हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. आपल्याकडेही असंच म्हणतात: आता जात कुठे राहिलीय?

पण राज्य नुसतं 'नाही' म्हणत नाही. कधी कधी ते शहराच्या हातातला घास काढून घेतं. त्यासाठी अलाबामात जाऊ या.

अलाबामा आपल्याला परकं नाही. १९७२ मध्ये मुंबईत पँथर हे नाव घेतलं गेलं, ते ब्लॅक पँथरवरून. आणि ओकलंडच्या त्या पोरांनी काळ्या चित्त्याचं चित्र घेतलं ते अलाबामातल्या लाउंड्स काउंटीच्या काळ्या माणसांच्या पक्षाकडून. त्याच अलाबामात बर्मिंगहॅम शहर आहे. १९६३ मध्ये इथल्या काळ्या पोरांवर कुत्री सोडली, पाण्याचे बंब सोडले. पुढे शहरात काळ्यांची बहुसंख्या झाली. महापौर काळा, नगरपरिषदेत काळे. आपला माणूस खुर्चीत बसला!

२०१५ मध्ये बर्मिंगहॅमच्या नगरपरिषदेनं किमान मजुरी ताशी १० डॉलर १० सेंट करायचं ठरवलं. केंद्राचा दर ७ डॉलर २५ सेंट, २००९ पासून तिथेच खिळलेला. अलाबामा राज्याचा स्वतःचा दरच नाही. फार मोठी मागणी नव्हती ती. सिएटलनं २०१४ मध्येच १५ डॉलरचा कायदा केला होता. पण सिएटलला तिथल्या राज्यानं अडवलं नव्हतं. इथे फेब्रुवारी २०१६ मध्ये माँटगोमेरीच्या विधिमंडळात विधेयक आलं की कुठल्याही शहरानं स्वतःची किमान मजुरी ठरवायची नाही. गोऱ्यांच्या बहुमताचं विधिमंडळ. विधेयक मांडल्यापासून गव्हर्नरची सही होईपर्यंत किती दिवस लागले? सोळा!

सिएटलच्या भाडेकरूला दहा वर्षं, आणि बर्मिंगहॅमच्या मजुराचा पगार कापायला सोळा दिवस. सरकारची गाडी हळू चालते म्हणणाऱ्याला हा आकडा ऐकवा. गाडी हळू नाही. ती कुणासाठी पळते ते बघा.

कामगार कोर्टात गेले. २०१८ मध्ये तीन न्यायाधीशांनी दार किलकिलं केलं, २०१९ च्या डिसेंबरात मोठ्या पीठानं बंद केलं. अन्याय झाला की नाही, तिथवर गोष्ट गेलीच नाही. तुम्ही ॲटर्नी जनरलवर केलेला दावा बसत नाही, म्हणाले. आणि माँटगोमेरीच्या हातात एवढी सत्ता आली कुठून? १९०१ च्या राज्यघटनेतून. ती लिहायला बसलेल्यांच्या अध्यक्षानं उघड सांगितलं होतं की गोऱ्यांचं वर्चस्व कायद्यानं पक्कं करायचंय. मतदानातून काळे हाकलले आणि शहरांचे हात बांधले. पुढे शहर काळ्यांच्या हातात आलं, पण दोरी तीच.

आता कुणी म्हणेल, म्हणजे शहर चांगलं आणि राज्य वाईट. सबूर. महाड आठवा. १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं. कागदावर! पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला, बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा. आणि त्याच वर्षी ऑगस्टात त्या नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला. हायकोर्टातून निकाल यायला १९३७ साल उजाडलं. तिथे वरचं सभागृह पुढे होतं आणि गावची पालिका शेपूट घालून बसली. म्हणून शहर की राज्य, हा आपला प्रश्न नाही. आपली मागणी कुणाच्या यादीत आहे, कितव्या नंबरावर आहे, आणि तिच्यामागे किती पाय चालतायत, एवढंच विचारायचं.

आता आपल्या मुंबईकडे या. महापालिकेचा कायदा १८८८ चा, आणि तो बदलायचा तर विधानसभेत. आयुक्त राज्य सरकार नेमतं. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ ला लागू झाली, बाराव्या अनुसूचीत १८ कामं लिहिली गेली. झोपडपट्टी सुधारणा त्यात आहे, शहरी गरिबी हटवणं आहे. पण ही कामं पालिकेला देणं न देणं राज्याच्या मर्जीवर. झोपडपट्टीचा कायदा १९७१ चा, राज्याचा. झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री. १ जानेवारी २००० च्या आधीचं झोपडं फुकट घराला पात्र, पुढचं नाही, ही रेघ कुणी मारली? राज्यानं. तुम्ही मात्र नगरसेवकाच्या ऑफिसबाहेर पावसात उभे. त्याला शिव्या घालता, तो मान हलवतो, दोघांनाही ठाऊक असतं की चावी मंत्रालयात आहे. आणि मार्च २०२२ पासून तीन वर्षांहून जास्त काळ तर शिव्या घालायलाही निवडून आलेला माणूस नव्हता. मुदत संपली, प्रशासक बसला.

मग नगरसेवकाचा उपयोग काय? उपयोग आहे. तो सभागृहात ठरावाची सूचना मांडू शकतो. पालिकेच्या हातात नाही, तर पालिकेनं राज्याकडे कायदा मागावा, असा ठराव करता येतो. रस्त्याला नाव द्या, चौकाला नाव द्या, अशा सूचना पडतात की नाही? मग गटारात उतरणाऱ्या माणसाच्या नोकरीची सूचना का पडत नाही? मुंबईत २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम होण्यासाठी २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. कचरा उचलणारे हात कुणाचे, कुठल्या जातींचे, हे मी तुम्हाला सांगायला नको.

सिएटलची यादी आपल्याला कितीही अर्जासारखी वाटो, ती निदान उघड असते. माणूस ती वाचू शकतो, आपली मागणी कुणी गाळली ते धरू शकतो. आपल्याकडे मंत्रालयाकडे काय मागायचं ते बंद केबिनीत ठरतं, आणि त्या केबिनीत बिल्डर आपल्या आधी पोचलेला असतो.

तेव्हा काम सांगतो. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: गेल्या पाच वर्षांत महापालिकेनं राज्याकडे कुठले कायदे, कुठल्या दुरुस्त्या मागितल्या? उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर आपली यादी आपण करू. चाळीत, वस्तीत, सफाई कामगारांच्या हजेरी चौकीवर बसून करू. झोपड्याची तारीख, सफाईतलं कंत्राट, संडास, पाणी. तिथल्या बायकांना आधी बोलू द्या, नळावरची रांग त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मग ती यादी घेऊन नगरसेवकाकडे जाऊ. पक्ष कुठलाही असो, तो आपल्यातला असला तरी. त्याला एकच विचारू: सूचना कधी मांडतोस, तारीख सांग. मांडली तर त्याच्या मागे उभे राहू आणि ठराव मंत्रालयापर्यंत चालत पोचवू. नाही मांडली तर मतं मागायला आल्यावर हीच यादी त्याच्या हातात ठेवू.

वही घ्या. पहिली ओळ आत्ताच लिहा.

जय भीम!