मोटार येईल, पण माणूस कोण आणील?

(रात्रीच्या वर्गापुढे केलेले भाषण)

मंडळी,

आज फळ्यावर धडा नाही. आज बातम्या सांगायच्या आहेत. आपल्या तालुक्याच्या गावी रोटरी क्लब आहे. त्या क्लबाची तीन कामे येत्या काही महिन्यांत आपल्या गावात व्हायची आहेत. पहिले डोळ्यांचे शिबीर, दुसरे रक्तदान, तिसरे पोलिओचा डोस. तिन्ही कामांत तुमचा हात लागणार आहे. म्हणून नीट ऐका. मागे बसलेल्यांना ऐकू येत नसेल तर पुढे सरका. जागा भरपूर आहे.

क्लब म्हटले की आपल्या काही लोकांच्या डोळ्यांपुढे पत्त्यांचा अड्डा येतो. हा क्लब तसला नव्हे. याची हकिगत थोडक्यात सांगतो.

सन १९०५ ची गोष्ट. अमेरिकेत शिकागो नावाचे मोठे शहर आहे. तिथे पॉल हॅरिस नावाचे एक वकील राहत होते. लहानपण त्यांचे गेले लहानशा गावात, आजी-आजोबांजवळ. शहरात धंदा जमला, पण मन रमेना. शेजारच्याला शेजारचा ओळखत नाही, हे त्यांना सोसवेना. मग २३ फेब्रुवारीला त्यांनी तिघांना गाठले. एक कोळशाचा व्यापारी, एक खाणीतला इंजिनिअर आणि एक शिंपी. चौघे बसले, बोलले. पुढची बैठक दुसऱ्याच्या कचेरीत, त्याच्या पुढची तिसऱ्याच्या. आपल्या बायकांची भिशी जशी घरोघर फिरते तशी यांची बैठक फिरू लागली. फिरती बैठक, म्हणून नाव रोटरी.

आता त्यांनी समाजाचे पहिले काम कोणते हाती घेतले, सांगा बरे? देऊळ नाही, पुतळा नाही. भर शहरात लोकांसाठी शौचालय व्हावे, म्हणून ते सन १९०७ मध्ये खटपटीला लागले. मला ही गोष्ट फार आवडते. ज्याची अडचण सगळ्यांना, पण बोलायची लाज सगळ्यांना, ते काम त्यांनी आधी धरले.

हिंदुस्थानात हा क्लब पहिल्यांदा कलकत्त्याला निघाला, सन १९२० च्या सुमारास. आज तो देशभर तालुक्या-तालुक्याला पोचला आहे. बायकांना मात्र सन १९८९ पर्यंत यात रीतसर प्रवेश नव्हता. चौऱ्याऐंशी वर्षे लागली त्यांना एवढे कळायला! आपल्या ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तेव्हा या बाबतीत आपण त्यांना चार गोष्टी सांगू शकू.

क्लबातली माणसे कोण? डॉक्टर, दुकानदार, वकील, शिक्षक. आपापला धंदा सांभाळून ती हे काम करतात. वर्गणी स्वतःच्या खिशातून देतात. हे सरकारी खाते नव्हे आणि कुठला पक्षही नव्हे. तेव्हा रस्त्याच्या दिव्याची तक्रार घेऊन त्यांच्याकडे जाऊ नका. आणि एक ध्यानात ठेवा. शिबिराच्या नावाने तुमच्याकडे कोणी पैसे मागितले, तर एक पैसाही देऊ नका. सरळ मला येऊन सांगा.

आता डोळ्यांच्या शिबिराकडे वळू. मार्गशीर्षातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी आठपासून, शाळेच्या पटांगणात तपासणी आहे. मुद्दाम सुगीच्या आधीची वेळ घेतली आहे. ज्वारीच्या मळणीचा भुसा उडायला लागेपर्यंत ऑपरेशन केलेला डोळा बरा झालेला असावा.

म्हाताऱ्या माणसांची नजर जाते ती बहुधा मोतीबिंदूने. मोतीबिंदू म्हणजे काय? आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक नितळ भिंग असते. वय झाले की ते हळूहळू गढूळ होते. कंदिलाची काच काजळली की आत वात जळत असूनही उजेड पडत नाही. तसेच हे. काच पुसून भागते, भिंग मात्र पुसता येत नाही. ते काढून दुसरे बसवावे लागते. कुठल्याही पाल्याच्या रसाने, मधाने किंवा अंजनाने ते नितळ होत नाही. उलट असले काही घालून चांगला डोळा बिघडतो.

आमच्या लहानपणी ऑपरेशने शाळेच्या खोल्यांत होत. कर्नाटकातले डॉक्टर एम. सी. मोदी गावोगाव शिबिरे भरवीत. सन १९६८ मध्ये सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. त्यांच्यासारख्यांनी त्या काळात पुष्कळांना नजर दिली. पण तेव्हा गढूळ भिंग काढून टाकीत आणि वर जाड काचेचा चष्मा देत. तो चष्मा हरवला की माणूस पुन्हा आंधळा. आता तसे राहिलेले नाही. आता डोळ्याच्या आतच नवे भिंग बसवतात. ऑपरेशन गावात होत नाही, नीट सोय असलेल्या दवाखान्यात होते. डोळा बधिर करतात, म्हणून दुखत नाही. काम बहुधा अर्ध्या तासाच्या आत होते.

एक जुनी समजूत आहे, की मोतीबिंदू पिकू द्यावा, मग काढावा. ती आता सोडून द्या. फार पिकलेला मोतीबिंदू काढायला अवघड जातो. कामात अडचण येऊ लागली, सुईत दोरा ओवेना, तांदळातला खडा दिसेना, पायरी चुकू लागली, की तपासून घ्यावे.

दुसरा आजार काचबिंदू. नाव सारखे वाटते, पण जात निराळी. त्यात डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली शीर मरते. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली मात्र औषधाने राखता येते. म्हणून ज्याच्या आई-बापाला किंवा भावाला काचबिंदू आहे, त्याने डोळे चांगले असले तरी शिबिराला यावे. साखरेचा आजार असलेल्यांनीही यावे. साखर डोळ्याच्या आतला पडदा खराब करते आणि पुष्कळ दिवस पत्ता लागू देत नाही.

आता मुख्य गोष्ट. मागच्या वर्षीही शिबीर झाले. तपासणीला गर्दी झाली. ज्यांना मोतीबिंदू निघाला त्यांची नावे लिहिली. चार दिवसांनी दवाखान्याची मोटार पारावर येऊन उभी राहिली. नाव लिहिलेली सगळी माणसे आली का? नाही आली.

त्यांतल्या एका आजीची हकिगत सांगतो. नाव सांगत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नातवाला ओळखायची ती आवाजावरून. चुलीपाशी एकदा पदर पेटला होता, शेजारणीने विझवला. अशा बाईला मोटारीत बसवायला कोणी आणले नाही. दोन मुलगे आहेत, दोघेही चांगले. मोठ्याला वाटले धाकटा नेईल. धाकट्याला वाटले थोरला आहे की. त्या दिवशी उसाला पाण्याची पाळी होती, हेही खरे. मोटार अर्धा तास थांबली आणि गेली. संध्याकाळी मी घरी गेलो, तर आजी म्हणाली, "गुरुजी, जाऊ द्या. माझं आता बघायचं काय राहिलंय?"

हे तिचे बोलणे मी खरे मानीत नाही. आपल्यापायी मुलाचा दिवस बुडू नये, म्हणून म्हातारी माणसे असे बोलतात. आपणही ते सोयीने खरे मानतो. बैलाच्या डोळ्याला पाणी आले तर आपण त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरकडे धावतो. घरातली म्हातारी भिंत चाचपत चालते, त्याला आपण वय झाले म्हणतो. त्यातही बापाला आणतात, आईला राहू देतात. बापाला व्यवहार बघायचा असतो, आईला काय, घरातच तर बसायचे, असा हिशेब. अहो, घरात बसूनच ती तुमच्या भाकरी भाजते, विस्तवाशी खेळते, तान्हे पोर सांभाळते. तिलाच नजर आधी पाहिजे.

क्लबाचे काम कुठवर? डॉक्टर आणणे, मोटार आणणे, भिंगाचा आणि औषधाचा खर्च पाहणे. सन १९७६ पासून अंधत्व टाळण्याचा सरकारी कार्यक्रम आहे, त्याचीही मदत मिळते. पण मोटार पारापर्यंतच येते. पारापासून उंबरठ्यापर्यंतचे अंतर क्लबाला चालता येत नाही. ते आपले आपणच चालायचे. गाव करील ते राव काय करील, ही म्हण उगीच नाही पडली.

म्हणून या वर्षी असे ठरवले आहे. गावातल्याच लोकांचा एक गट करायचा. क्लबाचा सभासद नसला तरी चालतो. क्लबाने ठिकठिकाणी असे गट केलेले आहेत. त्यांना इंग्रजीत रोटरी कम्युनिटी कोअर म्हणतात. नाव लांबलचक आहे, ते पाठ करू नका. आपण त्याला आपला गट म्हणू. या गटाची पहिली माणसे तुम्ही, या वर्गातली. का? कारण तुम्हांला आता लिहिता येते.

यादी तुम्ही लिहायची. घरोघर जायचे. पन्नाशीच्या पुढचे माणूस कोण, नजर कशी आहे, हे विचारायचे. आणि प्रत्येक नावापुढे आणखी एक नाव लिहायचे, ते म्हणजे सोबत कोण जाणार. हे दुसरे नाव नसेल तर पहिले नाव लिहून उपयोग नाही, असे समजा. मुलगा नसेल तर सून, सून नसेल तर शेजारी, कोणीच नसेल तर गटातला एक जण.

ऑपरेशन झाल्यावरही काम आहे. महिना-दीड महिना डोळ्यात औषधाचे थेंब घालायचे असतात. कोणती बाटली किती वेळा, हे कागदावर लिहून देतात. तो कागद वाचायचा कोणी? तुम्ही वाचायचा. थेंब घालण्याआधी हात साबणाने धुवायचे. डोळा चोळू द्यायचा नाही, चुलीच्या धुरात बसू द्यायचे नाही, जड उचलू द्यायचे नाही. डोक्यावरून पाणी कधी घ्यायचे, ते डॉक्टर सांगतील. डोळा ठणकला, लाल झाला किंवा दिसायचे कमी झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. उद्यावर टाकायचे नाही.

शिबिराला येताना आधार कार्ड, शिधापत्रिका आणि चालू औषधांची चिठ्ठी आणावी.

दुसरी बातमी. २६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर समाजमंदिरात रक्तदान आहे. रक्त कारखान्यात तयार होत नाही. बाळंतपणात बाईला रक्तस्राव झाला, कोणाला अपघात झाला, तर माणसाचेच रक्त लागते. आणि ते फार दिवस ठेवता येत नाही. त्यातल्या तांबड्या पेशी पाच-सहा आठवडे टिकतात, म्हणून पुन्हा पुन्हा शिबिरे घ्यावी लागतात. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. घेतात ते बहुधा ३५० मिलिलिटर. वय १८ ते ६५ आणि वजन निदान ४५ किलो पाहिजे. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि बायकांना चार महिन्यांनी पुन्हा देता येते. उपाशीपोटी येऊ नका, न्याहारी करून या. आधी तपासतात. रक्त कमी निघाले तर परत पाठवतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. उलट आपल्या अंगात रक्त कमी आहे, हे फुकटात कळले. अशा बायकांनी आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या घ्याव्यात आणि त्या फडताळात न ठेवता खाव्यात.

तिसरी बातमी पोलिओची. डोसाचा रविवार सरकार ठरवते. तारीख आली की दवंडी देऊ आणि फळ्यावर लिहू. तुमच्यातले काही जण म्हणतील, आता कुठे राहिलाय पोलिओ? खरे आहे. आपल्या देशात शेवटचा रोगी जानेवारी २०११ मध्ये सापडला, पश्चिम बंगालात, हावडा जिल्ह्यात. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या भागाला पोलिओमुक्त ठरवले. रोटरीने सन १९८५ पासून जगभर हे काम धरले होते. आपल्याकडे सन १९९५ पासून पोलिओचे रविवार सुरू झाले. पण नुसत्या पैशाने हे झाले नाही. उन्हातान्हात थंडीची पेटी खांद्याला लावून, वस्तीवस्तीला जाऊन, पोरांच्या करंगळीला शाई लावणाऱ्या बायांनी ते केले. अफगाणिस्तानात आणि पाकिस्तानात हा रोग अजून पुरता हटलेला नाही, आणि रोगाला सरहद्द कळत नाही. म्हणून पाच वर्षांखालचे पोर मागे डोस घेतलेले असले तरी आणायचे. ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांची पोरे आपल्या शिवारात असतात. त्यांची नावे कोणाच्याच यादीत नसतात. ती आपल्या यादीत घाला.

एवढ्या बातम्या. आता काम. या टेबलावर चार वह्या आहेत. एक गावठाणाची, एक मळ्यातल्या वस्तीची, एक नदीपलीकडच्या वाडीची आणि एक ऊसतोडीच्या कोप्यांची. रकाने मी आखले आहेत. नाव, वय, नजर, सोबत कोण. ज्यांना जी वस्ती जवळ, त्यांनी ती वही घ्या. दोघा-दोघांनी जा, एकाने विचारावे, एकाने लिहावे. अक्षर वाकडे आले तरी चालेल, मात्र नाव पुरे लिहा, कारण एका नावाच्या चार-चार म्हाताऱ्या गावात आहेत. आणि त्या आजीचे घर वगळू नका. तिथे सोबतीच्या रकान्यात कोणत्या मुलाचे नाव लिहायचे, ते दोघा भावांना समोरासमोर बसवून विचारा. पुढच्या बुधवारी वह्या घेऊन या.