आधी जलदाब, मग रंग

सौंदडसारख्या गावच्या नळयोजनेत आता प्लॅस्टिकच्या नळ्याच पुष्कळ. पोलादी नळांचे वेल्डिंग दिसते ते मुख्यतः पंपघरात व जलकुंभापाशी. ते सांधे चाचणीपूर्वी रंगवू नयेत. सुईच्या अग्राएवढे छिद्र रंगाच्या थराखाली चाचणीपुरते दडून राहू शकते. पुढे रंग सुटतो, पाणी झिरपते, आणि तोवर ठेकेदाराचे देयक अदा झालेले असते! दर चौरस सेंटिमीटरला १० किलो दाब म्हणजे सुमारे १०० मीटर उंच पाण्याचा भार. नळातील हवा काढून तो दाब टिकविताना प्रत्येक सांधा डोळ्यांनी पाहावयाचा असतो. अमेरिकेच्या बी ३१.३ संहितेत चाचणीपूर्वी रंगास मुभा आहे. संवेदनक्षम गळती-चाचणी असल्यास मात्र नाही. आमच्या मते पाणीपुरवठा समितीने ती मुभा घेऊच नये. गंजाची भीती असल्यास चाचणी उरकताच सांधे वाळवून लगेच रंगवावेत.